चोरी एकदा, हेलपाटे वर्षभर

(शेतकी खात्याकडून – ऊस विकास अधिकारी)



या पानावर शेतकी खात्याकडून आपण नेहमी बेणेमळा, लागणीची तारीख, खोडव्यातील पाचट आणि हुमणी यांविषयी वाचता. आजचा विषय उसाचा नाही. पण ऊस ज्या वाहनातून गव्हाणीपर्यंत येतो त्या वाहनाचा आहे. ट्रॅक्टर, ट्रक, जीप किंवा मुलाची मोटारसायकल चोरीस गेल्यावर विमा कंपनीला जे कागद द्यावे लागतात, त्यांबद्दल चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. लेखातील मते माझी आहेत, संचालक मंडळाची नव्हेत. मी कृषी पदविकेचा माणूस, वकील नव्हे. परंतु हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात तेव्हा गाड्यांची आरसी बुके आणि विम्याच्या पॉलिसी आमच्याच टेबलावरून जातात. त्यामुळे गाडी गेल्यावर सभासदाचे कसे हाल होतात ते जवळून दिसते.

आपला पट्टा गेल्या तीस-चाळीस वर्षांत केवढा बदलला हे सांगायला नको. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या शिवारांत जेथे पिके उभी असत तेथे आज कंपन्यांच्या शेड उभ्या आहेत. टाटा, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांच्या गाड्या आपल्याच अंगणात तयार होतात म्हटले तरी चालेल. तशा त्या घरोघरीही आल्या. वावरात ट्रॅक्टर, दारात जीप आणि मुलाच्या ड्युटीला दुचाकी. गाड्या वाढल्या तशी चोराचीही सोय झाली. कंपनीच्या गेटाबाहेरची रांग, मंगल कार्यालयापुढचे मैदान, हमरस्त्यावरचा ढाबा, रात्री रस्त्याकडेला उभी केलेली ट्रॉली – कोठे काय जाईल सांगता येत नाही.

गाडी गेली की माणूस पहिले दोन दिवस शोधण्यात घालवतो. तिसऱ्या दिवशी त्याला विमा आठवतो. मग सुरू होतात हेलपाटे. पोलीस ठाणे, आरटीओ, बँक, कोर्ट आणि विमा कंपनी. आज हा कागद राहिला, पुढच्या आठवड्यात तो राहिला. इकडे ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ट्रॅक्टर चोराने नेला म्हणून बँक हप्ता माफ करीत नाही, आणि मुकादमाला दिलेली उचलही परत येत नाही. भर हंगामात ट्रॅक्टर गेला तर टोळी फडात बसून राहते, दुसऱ्याची गाडी भाड्याने लावावी लागते आणि वर्षाचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून हा विषय कागदाचा दिसत असला तरी तो संसाराचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जे कागद आपल्या घरात असायला हवेत ते सांभाळणे आपले काम आहे; त्याला पर्याय नाही. पण जो कागद सभासदाच्या हातातच नाही, किंवा जो मिळवण्याची वाट चोरीमुळेच बंद झाली आहे, तो मागत राहून दावा अडवून ठेवणे हे विमा कंपनीचे काम नव्हे. ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितली आहे. ती आपल्यापर्यंत पोचलेली नाही, एवढेच.

पॉलिसी कसली आहे ते आधी पाहा

पुष्कळ जण पॉलिसीचा कागद ट्रॅक्टरच्या पेटीत टाकतात तो पुन्हा काढतच नाहीत. थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला मिळणारी भरपाई. तो कायद्याने सक्तीचा आहे. पण त्यातून चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई हवी असेल तर पॉलिसीत आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण असावे लागते. त्याला बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

येथे तरुण मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे दुचाकी घेणारा मुलगा ‘माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असे समजून निर्धास्त राहतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आणि चोरीचे संरक्षण बहुधा एकच वर्षाचे असते. दुसऱ्या वर्षी ते वाढवले नाही आणि कंपनीच्या गेटासमोरून गाडी गेली, तर पाच वर्षांचा कागद हातात असूनही हाती काही लागत नाही. आज रात्रीच घरातल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी काढून तारखा पाहा.

दुसरे, पॉलिसीवर गाडीची ठरलेली किंमत लिहिलेली असते. चोरीत भरपाईचा हिशेब त्याच आकड्यावर होतो. नव्या गाडीची किंमत कोणी देत नाही. विम्याच्या ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढील गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. समजा ८ लाखांचा ट्रॅक्टर तिसऱ्या वर्षात आहे, तर ठरलेली किंमत साधारण ५ लाख ६० हजार येते. हप्ता हजार-पाचशेने कमी व्हावा म्हणून काही जण हा आकडा आणखी खाली आणून घेतात. गाडी गेल्यावर मात्र तो हजार रुपयांचा फायदा लाखाला पडतो. कर्जाची शिल्लक आणि पॉलिसीवरची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहण्याची सवय ठेवावी.

ट्रॉलीचेही तेच. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येते असे समजू नका. तिची वेगळी नोंदणी असते आणि पॉलिसीतही तिचा वेगळा उल्लेख व वेगळा हप्ता असावा लागतो.

पहिल्या दिवशी काय करावे

चोरी कळली त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या. ‘दोन दिवस शोधून पाहू, मग बघू’ असे कोणी सुचवले तरी थांबू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला आहे. आपल्या भागात हद्दीचा घोळही होतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण त्यात गेले. खेड तालुक्याचा काही भाग पुणे ग्रामीणकडेच राहिला. गाडी कोणत्या हद्दीतून गेली यावर वाद घालत बसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका, आणि तीत गाडीचा नंबर, इंजिन नंबर व चासी नंबर बरोबर लिहिला आहे ना, ते तेथेच वाचून पाहा. एका आकड्याची चूक पुढे महिनाभर फिरवते.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी लेखी पत्र किंवा ई-मेल द्याच. आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेलाही चोरीचे पत्र द्यावे. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्यावा. काट्यावर ऊस घातल्यावर आपण पावती घेतल्याशिवाय यार्डातून बाहेर पडत नाही. अर्जाच्या बाबतीतही तसेच वागावे.

उशीर झाला तर काय? या प्रश्नाचे उत्तर एका ट्रॅक्टरनेच मिळवून दिले आहे. गुरशिंदर सिंग नावाच्या मालकाचा ट्रॅक्टर २८ ऑक्टोबर २०१० रोजी चोरीस गेला. पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झाली, पण विमा कंपनीला त्यांनी १५ डिसेंबरला कळवले. उशिराचे कारण दाखवून कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की फिर्याद ताबडतोब दिलेली असेल, चोरी खरी असेल आणि पोलिसांना गाडी सापडली नसेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा बुडवता येणार नाही. या पीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. त्यापूर्वी २०१० साली याच न्यायालयाने उशिरा कळवणाऱ्या एका मालकाच्या विरुद्ध निकाल दिला होता. २०२० च्या निकालाने हा घोळ मिटला. मात्र त्या मालकाला तारले ते त्याच दिवशी दिलेल्या फिर्यादीने. ती उशिरा दिली असती तर त्याची बाजू लंगडी पडली असती.

कागदांची यादी

विमा कंपनी चोरीच्या दाव्यात साधारणपणे पुढील कागद मागते. हे पान कापून आरसी बुकात ठेवले तरी चालेल.

१. पूर्ण भरलेला व सही केलेला दाव्याचा अर्ज.
२. पॉलिसीची प्रत.
३. आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड, व कर भरल्याची पावती.
४. गाडी खरेदीचे बिल.
५. चालकाचा परवाना; व्यावसायिक वाहन असेल तर परमिट व फिटनेस.
६. एफआयआरची प्रत.
७. गाडीच्या सर्व किल्ल्या.
८. आरटीओला व बँकेला दिलेल्या पत्रांच्या पोच.
९. आरटीओचे सही केलेले नमुने – क्र. २८, २९, ३०, आणि बोजा असेल तर ३५.
१०. बँकेच्या कर्जाचा उतारा व ना-हरकत पत्र.
११. स्टँप पेपरवरील हमीपत्र व हक्क सोपवल्याचे पत्र. म्हणजे भरपाई घेतल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीची.
१२. तपास बंद झाल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल.

या बारांपैकी क्र. २ ते ५ या गोष्टी गाडी दारात उभी असतानाच तयार असू शकतात. मग त्या चोरीनंतर का शोधायच्या? पुष्कळांची आरसी आणि पॉलिसी गाडीतच असते, आणि चोर गाडीबरोबर तीही नेतो. मूळ कागद घरात ठेवावेत. रस्त्यावर दाखवायला डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रत चालते. केंद्र सरकारने २०१८ सालीच नियमात तशी तरतूद केली आहे. मुलांना सांगून हे एकदा मोबाईलवर करून घ्या.

किल्लीविषयी थोडे. गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात. एक वर्षभरात हरवते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. दावा आला की कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक नसेल तर ती गाडीत राहिली होती असा संशय घेते. किल्ली हरवली तर हरवली तेव्हाच पोलिसांकडे गहाळ नोंद करावी आणि तो कागद जपून ठेवावा. चोरीनंतर सांगितलेली हकीकत आणि चोरीआधी केलेली नोंद यांत फार फरक आहे. ऊस लावला पण नोंद दिली नाही, तर ऊस कितीही चांगला असला तरी तोडीच्या पाळीपत्रकात नाव येत नाही. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. विम्यातही नोंदीचे महत्त्व तेवढेच आहे.

‘अ’ समरी म्हणजे काय

सर्वांत जास्त वेळ खातो तो शेवटचा कागद. पोलिसांनी तपास केला, चोरी खरी निघाली, पण चोर व गाडी सापडली नाही, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अंतिम अहवाल पाठवतात. आपल्या महाराष्ट्रात त्याला ‘अ’ समरी म्हणतात. तक्रार खोटी निघाली तर ‘ब’ समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’ समरी. विमा कंपनीला ‘अ’ समरी हवी असते, आणि तिची ही मागणी मला गैर वाटत नाही. गाडी नातेवाइकाकडे लपवून चोरीचा दावा करणारेही समाजात आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसाला जास्त कागद दाखवावे लागतात.

परंतु हा अहवाल सभासदाने लिहायचा नसतो, पोलिसांनी लिहायचा असतो. तपास अधिकारी बदलतो, बंदोबस्त लागतो, कोर्टात तारीख पडते, आणि महिने जातात. सभासद मध्ये अडकतो. यावर उपाय एवढाच की महिन्यातून एकदा तपासाच्या प्रगतीविषयी ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तिची प्रत विमा कंपनीला पाठवावी. मग उशीर आपल्यामुळे झाला नाही हे कागदावर राहते. आणि कंपनीनेही बाकीची छाननी ‘समरी येऊ द्या, मग बघू’ म्हणून थांबवू नये. सर्व्हेअरची चौकशी, किल्ल्या, बँकेचा उतारा ही कामे तोवर पुरी करून ठेवता येतात. समरी आली की आठवड्याभरात पैसे निघाले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जो कागद आपल्या हातात नाही

आता मूळ मुद्द्याकडे येतो. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील एका ट्रकची ही हकीकत. मालक गुरमेल सिंग. ट्रकचा १२ लाखांचा विमा होता. मार्च २०१३ मध्ये ट्रक चोरीस गेला. त्यांनी फिर्याद दिली आणि आरटीओ व विमा कंपनीलाही कळवले. कंपनीने आरसीची मूळ किंवा प्रमाणित प्रत मागितली. मालकाकडे झेरॉक्स होती आणि आरटीओने दिलेला नोंदणीचा तपशील होता. प्रमाणित प्रतीसाठी ते आरटीओत गेले, तर तेथे उत्तर मिळाले की चोरीची वर्दी आल्यामुळे संगणकात गाडीची माहिती बंद केली आहे, प्रत देता येत नाही. म्हणजे चोरी कळवली म्हणून कागद मिळेना, आणि कागद नाही म्हणून चोरीचे पैसे मिळेनात!

जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, तिन्ही पायऱ्यांवर त्यांना पैसे मिळाले नाहीत. शेवटी २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि बी. व्ही. नागरत्ना यांनी निकाल दिला. जो कागद मिळवणे विमेदाराच्या आवाक्याबाहेर गेले आहे तो मागून दावा अडवता येणार नाही. गाडीची नोंदणी होती, विमा कंपनीने स्वतः हप्ता घेऊन पॉलिसी दिली होती, झेरॉक्स आणि तपशील समोर होता, तर तेवढे पुरे होते, असे न्यायालयाने ठरवले. विमा कंपन्या क्षुल्लक कारणांवर दावे नाकारतात आणि तांत्रिकतेला फार चिकटतात, असे खडे बोलही सुनावले. दावा केल्या दिवसापासून ७ टक्के व्याजासह १२ लाख रुपये आणि वर २५ हजार रुपये खर्च देण्याचा हुकूम झाला.

न्याय मिळाला, पण नऊ वर्षांनी. एवढ्या काळात आपल्याकडे उसाच्या दोन लागणी, त्यांचे खोडवे आणि निडवे होऊन जातात. प्रत्येक सभासदाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे असे कोणी म्हणणार नाही. म्हणून हा निकाल माहीत असणे आणि कंपनीला लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख करणे, हाच त्याचा खरा उपयोग.

त्यानंतर जून २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सर्वसाधारण विम्याविषयी एक परिपत्रक काढले. त्यात म्हटले आहे की कागद नाहीत या कारणावरून कोणताही दावा नाकारू नये. लागणारे कागद पॉलिसी देतानाच मागून घ्यावेत. दाव्याच्या वेळी फक्त आवश्यक आणि दाव्याशी संबंधित तेवढेच मागावेत. अशा कागदांची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत परवाना, परमिट, फिटनेस, एफआयआर आणि तपास न लागल्याचा अहवाल हे आहेत. तेव्हा ते द्यावेच लागतील. पण ‘आज एक, महिन्याने दुसरा’ अशी कागदांची मालिका चालवण्यास आता आधार राहिलेला नाही. कंपनीने एकाच वेळी, एकाच पत्रात, पूर्ण यादी द्यावी. ती देत नसेल तर आपणच पत्र लिहून मागावी.

आपली बाजू भक्कम असावी

हे सारे निकाल वाचून कोणी असे समजू नये की कागद नसले तरी चालते. उलटही घडले आहे. एका नव्या बोलेरोची तात्पुरती नोंदणी जुलै २०११ मध्ये संपली होती. मालकाने कायम नोंदणी केली नाही, गाडी जोधपूरला नेली आणि तेथून ती चोरीस गेली. विमा चालू होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीचा नकार योग्य ठरवला. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हाच मूळ दोष होता. आपल्याकडे हंगामात विनानोंदणीच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मालकांनी हा निकाल दोनदा वाचावा.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी मोठा आहे. व्यवहार स्टँप पेपरवर होतो, पैसे दिले जातात, पण आरसी आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यायची असते. केली नाही आणि गाडी गेली, तर ज्याच्या नावावर कागद त्याची गाडी नाही, आणि ज्याची गाडी त्याच्या नावावर कागद नाही. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार पुरा झाला असे म्हणत नाही. गाडीला वेगळा न्याय का लावावा?

तिसरी गोष्ट वापराची. पॉलिसी शेतीकामाची आणि ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्यांचा ऊस वाहतो, असे असेल तर कंपनी त्यावर बोट ठेवते. पॉलिसी घेतानाच खरे काय ते सांगावे, थोडा जास्त हप्ता पडला तरी. तथापि अशा दोषामुळे चोरीचा सगळा दावा बुडतोच असे नाही. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या एका चोरी प्रकरणात २००८ साली, आणि चालक किल्ली गाडीतच ठेवून उतरल्याच्या प्रकरणात २०२३ साली, सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के भरपाई देवविली. पण पंचवीस टक्के गेले ते गेलेच.

दाद कोठे मागावी

कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे प्रकरण चालते. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ सेवेवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर मुदत घालवू नये. नकार नेहमी लेखी आणि कारणांसह मागावा.

आपल्या कारखान्याने काय करावे

शेवटी घरच्या कामाचे बोलतो. वाहतूक कराराच्या वेळी आपण प्रत्येक गाडीची आरसी, पॉलिसी व परवाना यांच्या प्रती घेतो, पण त्या करारापुरत्याच. माझी व्यवस्थापनास सूचना आहे की या प्रतींबरोबर इंजिन व चासी नंबरचा फोटो घ्यावा, प्रत्येक गाडीची वेगळी फाईल ठेवावी, आणि पॉलिसी संपण्याआधी पंधरा दिवस गट कार्यालयातून मालकास निरोप जावा. चोरी झाल्यास काट्याच्या नोंदीचा दाखला एका दिवसात द्यावा. गाडी अमुक तारखेला अमुक वेळी ऊस घालून बाहेर पडली, हा सभासदाच्या बाजूचा भक्कम पुरावा असतो. आणि गट कार्यालयात आठवड्यातून एक दिवस असा असावा की विम्याचा अर्ज भरायला, पोचेची प्रत काढायला आणि कंपनीला पत्र लिहायला माणूस हजर असेल. या कामाला मोठा खर्च नाही. एकट्याला जे पेलत नाही ते दहा जणांनी मिळून पेलावे, याच विचारातून सहकार उभा राहिला आहे. तो फक्त गाळपापुरता का असावा?

सभासदांनी आपल्याकडून एवढेच करावे. बॉयलर पेटण्याच्या आधी एका संध्याकाळी घरातल्या सर्व गाड्यांचे कागद चटईवर पसरून बसावे. काय आहे, काय नाही, कशाची मुदत संपली, कोणाचे नाव लागायचे राहिले, ते वहीत लिहावे. जे राहिले असेल ते हंगामाआधी पुरे करावे. त्यात अडचण आली तर गट कार्यालयात या. आम्ही बसून पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी